गाठीचे वय

सोनोग्राफीचा अहवाल घेऊन माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांनी तो बहुधा वाटेतच वाचलेला असतो. लिफाफा उघडलेला असतो, नातवाने मोबाइलवर दोन शब्द शोधलेले असतात आणि रात्री घरात कोणाला नीट झोप लागलेली नाही हे चेहऱ्यांवरून कळते. तपासणी मूतखड्यासाठी किंवा प्रोस्टेटसाठी केलेली असते आणि ध्यानीमनी नसताना यकृतात ‘सिस्ट’ असल्याची एक ओळ अहवालात उमटलेली असते. आपल्या घरी असा कागद आला असेल, तर पुढचे चार शब्द शांतपणे वाचावेत.

पहिली गोष्ट ही की यकृतातील पाण्याच्या बहुतेक गाठी अगदी साध्या असतात. वाढत्या वयात त्या दिसू लागतात आणि बहुतेकींना काहीही करावे लागत नाही. मात्र थोड्या गाठी अशा असतात की ज्यांच्या आत एक परजीवी वाढत असतो. त्यांना हायडॅटिड गाठी म्हणतात. त्या कर्करोगाच्या नसतात. पण साध्या गाठींप्रमाणे त्यांच्याकडे काणाडोळाही करून चालत नाही, आणि त्यांना बघताक्षणी सुईही टोचून चालत नाही.

हा परजीवी म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक चिमुकला पट्टकृमी. त्याची लांबी काही मिलिमीटरच असते. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीत, पाण्यात पसरतात. ते गवत मेंढी खाते, मेंढीच्या यकृतात आणि फुप्फुसात गाठी होतात, मेंढी कापली की तो खराब भाग कुत्र्यापुढे टाकला जातो आणि फेरा पूर्ण होतो. माणूस या फेऱ्यात चुकून शिरतो. न धुतलेल्या पालेभाजीतून, दूषित पाण्यातून किंवा कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसलेल्या हातांतून अंडी पोटात जातात. मटण खाल्ल्याने हा रोग होतो, हा समज मी कित्येकांच्या तोंडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. मेंढीच्या गाठीतून कुत्र्याला लागण होते, माणसाला नाही. माणसाला ती कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांतून होते. त्यामुळे जन्मात मांसाहाराला न शिवलेल्या माणसालाही ही गाठ होऊ शकते, आणि अशा घरांत ती झाल्यावर उगाचच एकमेकांकडे संशयाने पाहिले जाते.

पोटात अंडे फुटते, आतील सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरते, आणि आतड्यातून येणारे सारे रक्त प्रथम यकृतातून गाळले जात असल्याने बहुतेक अळ्या तिथेच अडकतात. त्यांतून सुटलेल्यांपैकी पुष्कळशा फुप्फुसात जातात. तिथून पुढे गाठ अतिशय सावकाश वाढते. तिशीत पोटात गेलेले अंडे साठीत लक्षात येऊ शकते. म्हणूनच ज्येष्ठांच्या बाबतीत मला नेहमी दोन वयांचा विचार करावा लागतो, एक माणसाचे आणि दुसरे गाठीचे. ही दोन्ही वये मी एकदा नीट पाहिली नव्हती. ती हकीकत सांगतो.

माझा दवाखाना अवर्षणप्रवण भागात आहे. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे इथून बाहेर पडतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची पद्धत इकडे आहे आणि कळपाबरोबर राखणीची कुत्री असतातच. (यावरून कोणी मेंढपाळांना बोल लावू नये. कसाईखान्यांभोवती घोटाळणारी भटकी कुत्री शहरांतही हाच फेरा चालवतात.) पंधरा वर्षांपूर्वी एक सदुसष्ट वर्षांच्या मावशी माझ्याकडे येत असत. जेवण पुढे सरकत नाही, उजव्या कुशीत जडपणा वाटतो, एवढीच तक्रार. मी पित्ताची गोळी दिली. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, मी गोळी बदलली. असे आठ महिने चालले. त्या आठ महिन्यांत मी त्यांना एकदाही टेबलावर झोपवून पोट तपासले नाही. दवाखान्यात गर्दी असे, हे कारण खरे आहे. पण ते पुरेसे नाही.

एके दिवशी त्यांची सून एकटीच आली. म्हणाली, “डॉक्टर, सासूबाई हल्ली निरी उजवीकडे खोचू देत नाहीत. मी मदतीला गेले तर हात झटकतात.” दुसऱ्या दिवशी मावशींना झोपवून हात ठेवला. बरगडीखाली चार बोटे उतरलेले यकृत आणि त्यावर चेंडूसारखा गुळगुळीत, ताठ उंचवटा. सोनोग्राफीत अकरा सेंटिमीटरची गाठ दिसली. तिच्या आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे होते, म्हणजे मोठ्या गाठीच्या पोटात लहान गाठी. लग्नाआधी त्या मेंढरांच्या घरात वाढल्या होत्या, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. कारण मी आधी कधी विचारलेच नव्हते.

या गाठीची रचना समजून घेतली, तर उपचारांविषयीचे डॉक्टरांचे बोलणे आपल्याला सहज कळेल. सर्वांत बाहेर आपल्याच शरीराने बांधलेले तंतुमय कुंपण असते. त्याच्या आत परजीवीचा पांढरा पडदा, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा. त्याच्याही आत एक अतितलम थर असतो आणि खरा जिवंत भाग तोच. मध्ये स्फटिकासारखे नितळ पाणी, आणि त्या पाण्यात तळाशी बसणारे वाळूसारखे कण. त्यांतील जिवंत कण पोटात सांडले तर त्यांतून नवी गाठ उगवू शकते. शिवाय ते पाणी अचानक पोटात किंवा रक्तात मिसळले, तर काही माणसांना तीव्र ॲलर्जीचा झटका येतो, रक्तदाब कोसळतो. यकृतात पू झाला की सुईने काढतात, हे आपण ऐकले असेल. पण गाठीची ओळख पटण्याआधी, तयारीवाचून घातलेली तीच सुई इथे घातक ठरू शकते. कोणी ‘आत्ताच पाणी काढून टाकू’ म्हणाले, तर ही हायडॅटिड नाही याची खात्री झाली आहे का, एवढे जरूर विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीतील रूपावरून या गाठींच्या पाच अवस्था ठरवल्या आहेत. अहवालात त्या ‘सीई १’ ते ‘सीई ५’ अशा लिहिलेल्या असतात. पहिल्या दोन अवस्थांतील गाठ जिवंत आणि जोमात असते. तिसरीत ती उताराला लागते. मात्र तिच्यातही एक प्रकार असा आहे की ज्यात पिल्लागाठी पुन्हा डोके वर काढतात. चौथ्या व पाचव्या अवस्थेत ती विझलेली असते, आणि शेवटी तिच्याभोवती चुन्याचे कवच चढते. उपचार प्रामुख्याने या अवस्थेवर, आकारावर आणि गाठीच्या जागेवर ठरतात. लहान, एकाच कप्प्याची गाठ असेल तर अल्बेंडाझोलच्या दीर्घ उपचाराने भागू शकते. मध्यम आकाराच्या एककप्पी गाठीत, गोळ्यांच्या संरक्षणाखाली, सोनोग्राफीत पाहत सुईने पाणी काढायचे, कृमिनाशक द्रव आत सोडायचा आणि तो परत ओढून घ्यायचा, अशी पद्धत आहे. तिचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात, श्रीनगरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास रुग्णांपैकी निम्म्यांवर सुईचा उपचार आणि निम्म्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी तुलना केली. सुईचा उपचार घेतलेल्यांना रुग्णालयात सरासरी चार दिवस राहावे लागले, शस्त्रक्रिया झालेल्यांना जवळजवळ तेरा. पण मावशींच्या गाठीत कप्पेच कप्पे होते. एका सुईने एक कप्पा रिकामा होतो, बाकीचे तसेच राहतात. त्यांना शस्त्रक्रियाच हवी होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यविशारदांच्या खोलीत आम्ही सारे बसलो होतो. थोरला मुलगा म्हणाला, “या वयात चिरफाड कशाला? आहेत तितके दिवस सुखात जाऊ देत.” हे वाक्य मी आजवर अनेक मुलांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात माया असते, खर्चाची धास्ती असते, आणि निर्णयाचे ओझे टाळण्याची इच्छाही असते. शल्यविशारदांनी त्याला थांबवले नाही. मग फोटो दाखवून सांगितले की गाठ यकृताच्या पृष्ठभागाशी आली आहे आणि पित्तनलिकेवर दाब देते आहे. न्हाणीघरात पाय घसरला तरी ती फुटू शकते किंवा तिचे तोंड पित्तनलिकेत उघडून कावीळ होऊ शकते. तेव्हा हीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, तयारीविना, जास्त जोखमीने करावी लागेल. मावशींचे हृदय, मूत्रपिंडे, साखर सारे ठीक होते. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि आम्ही कोणी न विचारलेल्या मावशींना विचारले, “तुम्हाला काय वाटते?”

मावशी म्हणाल्या, “मला वाकून अंगण झाडता येईल का, तेवढे सांगा.”

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अल्बेंडाझोल दिले. ज्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत उभे राहू दिले. भूलतज्ज्ञांनी ॲड्रिनॅलिनची सिरिंज भरून हाताशी ठेवली होती. उजव्या बरगडीखाली छेद घेऊन यकृत उघडे केल्यावर पहिली वीसएक मिनिटे गाठीला कोणी हातही लावला नाही. तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडी घड्यांनी भोवतालची सारी जागा बंदिस्त करण्यात आली, एक थेंबही पोटात जाऊ नये म्हणून. मग जाड सुईने पाणी ओढले. ते नितळ नव्हते, किंचित पिवळे होते. डॉक्टरांनी कृमिनाशक द्रवाची तयार सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली. पिवळेपणा म्हणजे गाठीचे पित्तनलिकेशी संधान, आणि अशा वेळी तो द्रव आत सोडला तर नलिका जळतात. गाठ उघडली, द्राक्षांसारख्या पिल्लागाठी एकेक करून काढल्या आणि शेवटी तो पांढरा पडदा अख्खाच्या अख्खा स्टीलच्या थाळीत आला. थाळी हलली की तो थरथरत होता. आठ महिने मी ज्याला पित्त म्हणत होतो, ते हे.

पोकळीच्या तळाशी पित्त झिरपणारे टाचणीच्या डोक्याएवढे तोंड सापडले, ते बारीक टाक्याने शिवले. आतड्यांवर चरबीची एक चादर असते, तिचा पदर पोकळीत भरला आणि एक नळी बाहेर काढून ठेवली. बाहेरच्या तंतुमय कुंपणासकट गाठ काढण्याची, किंवा यकृताचा तेवढा भागच काढण्याची मोठी शस्त्रक्रियाही असते. तीत गाठ पुन्हा होण्याची शक्यता कमी, पण रक्तस्राव व जोखीम अधिक. मावशींसाठी डॉक्टरांनी मधला मार्ग घेतला. योग्य जागी असलेली गाठ दुर्बिणीतूनही काढता येते, कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलानीवेलू यांनी, पाणी सांडू न देता ती ओढून घेणारी खास नळी त्यासाठी तयार केली आहे. दुर्बिणीने होईल का, हे अवश्य विचारावे; नाही म्हटले तर त्यामागे गाठीची जागा हे कारण असू शकते, डॉक्टरांचे मागासलेपण नव्हे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. मावशी दहाव्या दिवशी घरी आल्या त्या नळीसकट. शिवूनही पित्त थोडे झिरपत राहिले होते. हे या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा होते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. न थांबल्यास तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत छोटी नळी बसवतात. पण घरच्यांना पिशवीत हिरवे-पिवळे पाणी दिसले की धीर सुटतो. मावशींच्या सुनेने तसे केले नाही. रोज सकाळी त्याच वेळी पिशवी रिकामी करायची, मापात मोजायची आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहायचा, असा नेम तिने धरला. एकशे ऐंशी, दीडशे, एकशे साठ, नव्वद. एक आकडा वाढला की ती मला फोन करी. ताप, थंडी, डोळ्यांत पिवळेपणा, नळीभोवती लाली, पिशवी अचानक भरणे किंवा अचानक कोरडी पडून पोट दुखू लागणे, या गोष्टी तिने पाठ केल्या होत्या. पाचव्या आठवड्यात आकडे शून्यावर आले आणि नळी निघाली. त्या महिन्याचे पान फाडू नका, असे मी त्यांना सांगितले होते. आजही माझ्या रुग्णांना तसे पान लिहायला सांगतो.

चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने अल्बेंडाझोल दिवसातून दोनदा घ्यायचे होते. दहा-बारा दिवसांनी औषधाच्या दुकानात पुन्हा पाकिटे मागितल्यावर कोणीतरी धाकट्या मुलाला म्हणाले, “ही जंताची गोळी आहे, एकच घेतात. इतक्या कशाला देता म्हातारीला?” बोलणे अगदी खोटे नव्हते. साध्या जंतांना एकच गोळी पुरते. पण इथे सांडलेला एखादा कणही रुजू नये म्हणून औषध आठवडेच्या आठवडे चालवावे लागते. घरच्यांनी ते बंद केले आणि मला सांगितले नाही. तीन आठवड्यांनी रक्ततपासणीसाठी बोलावले तेव्हा कळले. दोष मी माझ्याकडेच घेतो. कागदावर ‘दोनदा, तीन महिने’ लिहिले होते. ‘का’ ते लिहिले नव्हते. आणखी एक गोष्ट तेव्हापासून लिहून देतो. ही गोळी स्निग्ध पदार्थाबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते. हृदयासाठी तूप वर्ज्य केलेल्या घरांत ती कोऱ्या चहाबरोबर घेतली जाते आणि बरीचशी वाया जाते. साईचे दूध किंवा तूप घातलेला भात त्या वेळेपुरता चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि या काळात यकृताची व पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी चुकवू नये. गोळीचा परिणाम दोहोंवर होऊ शकतो.

मावशींच्या नंतर दोनएक वर्षांनी एक निवृत्त पोस्टमन आले, वय चौऱ्याहत्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. यकृतात सात सेंटिमीटरची गाठ, भोवती अंड्याच्या टरफलासारखे चुन्याचे कवच, आतला ऐवज सुकलेला, तक्रार काहीच नाही. पुण्याहून आलेल्या मुलाने शस्त्रक्रियेची तारीखच ठरवून आणली होती. त्याला मावशींची हकीकत ठाऊक होती. सदुसष्टाव्या वर्षी त्यांची झाली, तर वडिलांची का नको, असे त्याचे म्हणणे. मी सांगितले की त्यांची गाठ जिवंत होती, ही विझलेली आहे. विझलेल्या निखाऱ्यासाठी घर खणायचे नसते. त्याला ते पटले नाही. मोठ्या शहरात दुसरे मत घेतले, तेही तेच निघाले. वर्षाकाठी एक सोनोग्राफी, बस्स. ती गाठ घेऊन अण्णा पुढे नऊ वर्षे जगले. गेले ते हृदयविकाराने. मुलाने नंतर एकदा बोलून दाखवले की काहीच न करणे हाही उपचार असतो, हे स्वीकारायला त्याला दोन वर्षे लागली.

हा फेरा तोडता येतो का? एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. 1860च्या दशकात डॅनिश वैद्यक हराल्ड क्राब्बे तिथे गेले, कुत्री तपासली आणि लोकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. लांबलचक हिवाळा, वाचायला दुसरे फारसे काही नाही, म्हणून ती मनापासून वाचली गेली असे म्हणतात. पुढे कुत्र्यांविषयी कायदेही झाले, आणि कालांतराने तिथून हा रोग नाहीसा झाला. आपल्याला घरी करण्याजोगे थोडेच आहे: पाळीव कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंताचे औषध, त्याला कच्चे यकृत-फुप्फुस न घालणे, कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्यात धुणे, आणि नातवंडांचे हात.

मावशींची सोनोग्राफी पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी होत राहिली, कारण ही गाठ काही वर्षांनीही परतू शकते. एका वर्षी नव्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी ‘यकृतात तीन सेंटिमीटरची सिस्ट’ असे लिहिले आणि घरात पुन्हा रडारड झाली. ती शस्त्रक्रियेनंतर उरलेली पोकळी होती, आदल्या वर्षीपेक्षा लहान झालेली. जुने अहवाल बरोबर नेले नव्हते, म्हणून त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून सुनेने सारे कागद एका कापडी पिशवीत घातले आहेत. सर्वांत वर शस्त्रक्रियेचा अहवाल, त्याखाली वर्षवार सोनोग्राफ्या आणि कालनिर्णयाची ती दोन पाने.

मावशी आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी मी सुनेला सांगितले की यापुढे दरवर्षी तपासणीची गरज नाही. तिने मान डोलावली. या वर्षीही मार्गशीर्षात ती पिशवी घेऊन दाराशी उभी होती, आणि मावशी मागून सावकाश, पण आपल्या पायांनी, पायऱ्या चढत होत्या.